नेम चुकतो तेव्हा...

मंडळी, विषय वाचून दचकू नका. आयुष्यभर खडूशिवाय काही हातात न धरलेल्या या निवृत्त बाईंना रिव्हॉल्व्हरचं काय सुचलं, असं वाटेल. पण सांगते.

माझ्या भाच्याकडे परवान्याचं एक छोटं रिव्हॉल्व्हर आहे. धंद्यामुळे रोकड न्यावी लागते, म्हणून घेतलेलं. मध्यंतरी आषाढीला आमच्या वडाळ्याच्या विठोबाला आला, तो दर्शन घेऊन घरी टेकला आणि कुरकुरत बसला. "मावशी, दहा मीटरवरून सहा गोळ्या मारल्या. दोन कागदावर, त्याही खाली डावीकडे. बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे! हत्यारच खराब आहे." एका कारागिराने नळीच्या टोकावरचा उंचवटा घासून दिला होता, म्हणजे गोळी वर जाईल. तरी फरक शून्य. आता हे विकून आणखी लहान, आणखी हलकं घ्यायचं, आणि लेकीलाही तसंच एक परवाना काढून द्यायचं, असं त्याच्या मनात होतं. पोरगी रात्री उशिराच्या लोकलने येते ना.

मला तेव्हा माझ्या वर्गातली मुलं आठवली. अक्षर वाईट आलं की पेन बदलून मागणारी!

मी म्हटलं, "अरे, आधी कोणा जाणत्याला दाखव." तो एका जुन्या प्रशिक्षकांकडे गेला. त्यांनी केलं ते इतकं साधं होतं, की मी थक्क झाले. भाच्याला न दाखवता त्यांनी सहा घरांपैकी काहींत खरी काडतुसं घातली, काहींत उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या. मग म्हणाले, मारा. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला, आवाज झालाच नाही, पण नळी मात्र झटक्याने खाली डावीकडे गेली! म्हणजे गोळी सुटायच्या आधीच, आवाजाच्या भीतीने, हात दचकत होता. उजव्या हाताने मारणाऱ्याची चूक बहुधा अशीच खाली-डावीकडे जाते म्हणे. हत्यार बिचारं निर्दोष. उलट तो उंचवटा घासून एक नवीन दोष मात्र विकत घेतला.

दुसरी गोष्ट मला जास्त पटली. लहान म्हणजे सोपं, हा आपला गैरसमज. मी भाषा-इतिहासाची शिक्षिका, पण समरूप त्रिकोण अजून विसरले नाही. छोट्या रिव्हॉल्व्हरवर नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमध्ये जेमतेम 10 सेंटीमीटर अंतर. तिथे एक मिलिमीटर चुकलं, की दहा मीटरवर गोळी 10 सेंटीमीटर चुकते. स्पर्धेच्या पिस्तुलावर हे अंतर 22 सेंटीमीटरपर्यंत असतं, तिथे तीच चूक निम्म्याहून कमी होते. शिवाय वजन अर्धा किलो, आणि घोडा मागे न ओढता नुसता चाप दाबायचा तर जोर पाच किलोच्या आसपास! करंगळी मुठीखाली लोंबकळतेच.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या प्रकारात चापाला किमान एक किलोचा जोर लागतो, आणि अचूकतेच्या टप्प्यात दहा गुणांचं वर्तुळ अवघं 5 सेंटीमीटरचं. त्याआधी कोपराच्या दुखापतीने ती बराच काळ बाहेर होती. बरं हत्यार हाती असूनही तिची वर्षं गेली ती सरावात.

म्हणूनच 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून आणलं, तेव्हाही मला ते रुचलं नव्हतं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. ती कोणाला परवडणार, हा प्रश्न आहेच. पण माझा खरा आक्षेप वेगळा. जे हत्यार चालवायला सगळ्यात अवघड, तेच आपण सगळ्यात कमी सराव असलेल्या हातात "सोपं" म्हणून देतो. आणि चुकलेली गोळी हवेत विरत नाही हो! आमच्या चाळीत तर भिंतीपलीकडे कोणाचा तरी पाळणा असायचा.

भाच्याने आता दोन महिने रोज पंधरा मिनिटं कोरडा सराव केला. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे दोनदा पाहून, खोटी काडतुसं घालून, पक्क्या भिंतीकडे तोंड करून. नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पडता चाप सावकाश ओढायचा. परवा फोन आला, सहापैकी पाच कागदावर. सहावी कुठे गेली, असं मी विचारलं. क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मावशी, लेकीच्या परवान्याचा अर्ज नाही करत."

मला तेच हवं होतं. तिच्या स्टेशनवर उजेड आणि रिक्षा असावी, यासाठी अर्ज कर म्हटलं. तोही नेम धरूनच करावा लागतो, आणि चिकाटीने.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.