जबड्याचे दुखणे आणि दातांची ठेवण: जुने समीकरण डळमळीत

जबड्याचा सांधा दुखू लागला की दोष दातांच्या ठेवणीचा, ही समजूत दंतवैद्यकात अनेक दशके रुजलेली आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये कानाच्या तक्रारींचा संबंध, दाढा पडल्यामुळे जबड्याच्या सांध्यावर येणाऱ्या दाबाशी जोडला. त्यांचे शरीरशास्त्रीय स्पष्टीकरण पुढे खोडले गेले. मात्र, वरखालचे दात जुळवले की सांधा बरा होतो, हा विश्वास टिकला. त्यापायी अनेकांचे निरोगी दात तासले गेले.

या विश्वासाला पुराव्याची साथ मिळालेली नाही. दात तासल्याने हा विकार टळतो किंवा बरा होतो, असे २००३ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले नाही. ठेवण वाकडी असूनही अनेकांना त्रास नसतो, तर सुबक दंतपंक्ती असलेल्यांचाही जबडा दुखतो. दात आवळण्याची सवय, स्नायूंवरील ताण, सांध्याला झालेली इजा, अपुरी झोप अशी अनेक कारणे यामागे असू शकतात.

ठेवणीला महत्त्वच नाही, असा याचा अर्थ नव्हे. नवी कॅप उंच बसली असेल, तर ती दुरुस्त करावीच लागते. उलट, सांधा झिजल्यामुळे ठेवण बिघडल्याचीही उदाहरणे आहेत. तेथे परिणामालाच कारण समजण्याची चूक घडू शकते.

'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी जुनाट दुखण्यासाठी देखरेखीखालील जबड्याचे व्यायाम व वर्तनोपचार यांवर भर दिला आहे. तासलेला दात पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे अशा उपचाराला होकार देण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणेच शहाणपणाचे.