कोयत्याची बदनामी

हल्ली पोरांना चाकू जमवायचा नाद लागलाय. मोबाईलवर मागवायचे, खोलीत भिंतीला टांगायचे, फोटो टाकायचे. तिथवर माझी तक्रार नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात आडकित्ते मांडलेत, ते मीही डोळे भरून पाहिलेत. पण कमरेला पातं खोचून गावभर हिंडायचं, वाढदिवसाचा केक कोयत्यानं कापायचा, याला छंद म्हणायचं?

टोकलं तर म्हणतात, "आबा, तुमच्याकडंबी कोयता हायच की." आहे ना! लोहारानं ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलेला. ऊस तोडून तोडून हाताला घट्टे पडलेत. काम झालं की तो वळचणीला जातो. बाजाराला जाताना कोण कमरेला लावतं? तुमच्या त्या चाकूनं आजवर कांदा तरी चिरलाय का?

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती त्याच हिशेबानं. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. माणूसच अवजाराच्या नावानं मोजला जातो. आणि शहरात काही पोरांनी दहशत माजवली, तर पेपरांनी नाव काय पाडलं? 'कोयता गँग'! २०२३ साली पुण्यात पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं, कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं तर निव्वळ शेतीच्या अन् घरच्या कामासाठी घडवलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळल्यात. म्हणजे फरक कायद्याला कळतो, ह्या हौशी गड्यांना कळत नाही. नाद यांचा, अन् खिशातून आधार कार्ड काढून दाखवायचं तोडकऱ्यानं?