पोटाचा कॅन्सर रक्तातून येतो का?

घराण्यात कोणी पोटाच्या कॅन्सरने गेले असेल, तर आपल्या भागात सोयरिकीच्या बोलण्यात ती गोष्ट दडवून ठेवतात. उघड झालीच तर स्थळ मोडते. याला शास्त्राचा आधार नाही.

रक्ताचा संबंध मुळीच नाही, असेही नाही. ‘ए’ रक्तगटाच्या माणसांत हा कॅन्सर थोडा जास्त आढळतो, हे १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये दिसून आले. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यानपिढ्या तरणीताठी माणसे दगावत होती. त्यामागचा जनुकातील दोष १९९८ मध्ये सापडला. पण अशा घराण्यातून आलेल्या पोटाच्या कॅन्सरचे प्रमाण शेकडा एक ते तीन एवढेच आहे.

बाकीच्यांत मोठा हात आहे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा. वॉरेन आणि मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी तो १९८२ मध्ये शोधला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा जंतू आपल्याकडे घरोघरी आहे. तरीही मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीला १९८७ पासून ठेवलेल्या कॅन्सरच्या नोंदी पाहिल्या, तर जपान-कोरियाच्या मानाने पोटाचा कॅन्सर कमीच. कोणी याचे श्रेय हळदीला देतात. वसमतच्या हळद उत्पादकांना ऐकायला बरे वाटेल, पण तसे सिद्ध झालेले नाही.

मग आपले रक्तच वेगळे म्हणावे काय? अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांच्या पुढच्या पिढ्यांत हा कॅन्सर कमी होत गेला. रक्त तेच, ताट बदलले. मिझोराममध्ये लोकसंख्येच्या मानाने या कॅन्सरचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तिथे धुरावलेले मांस, खारवलेले पदार्थ आणि तंबाखूचा धूर मुरवलेले पाणी यांच्याकडे बोट दाखवले जाते. आपल्याकडच्या तंबाखूबद्दल वेगळे काय सांगावे!

जंतूमुळे पोटात होणारा दाह काहींच्या जनुकांमुळे जास्त भडकतो, असे २००० मध्ये स्कॉटलंड व पोलंडमधील लोकांच्या अभ्यासात दिसले. आशियात मात्र निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. आता जनुक तपासणीच्या जाहिराती येतात. त्यामागची माहिती मुख्यतः युरोपातील आणि चीन-जपानकडच्या लोकांची. कळमनुरीच्या आंध, बंजारा किंवा मराठा माणसाला ती जशीच्या तशी लावता येत नाही. पैसे राखून ठेवावेत.

घराण्याची माहिती दडवायची नाही, ती डॉक्टरांना सांगायची. दोन सख्ख्या नातेवाइकांना हा आजार झाला असेल, किंवा एखाद्याला पन्नाशीच्या आत झाला असेल, तर आवर्जून सांगा. चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेले अपचन, घटते वजन, डांबरासारखी काळी शौच, थोडक्यात पोट भरणे, घास अडकणे यांवर महिनोन् महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेत बसू नये. गोळ्यांनी त्रास दबतो, रोग आत वाढत राहतो. जंतू सापडला तर गोळ्यांचा दोन आठवड्यांचा कोर्स असतो. चार दिवसांनी बरे वाटले म्हणून तो सोडू नये. दुर्बिणीची तपासणी नांदेडला होते. त्यासाठी उपाशीपोटी जावे लागते आणि नळी आत असते ती पाच-दहा मिनिटेच.