सहाव्या वर्षी येणारी दाढ

गेल्या महिन्यात खामगावहून बहीण आली होती. सात वर्षांचा भाचा जेवताना प्रत्येक घास डावीकडेच चावत होता. जेवण झाल्यावर त्याला ओट्यावर बसवलं, मोबाईलच्या उजेडात ‘आ’ करायला लावलं. खालच्या जबड्यात अगदी मागे, उजवीकडे एक रुंद, नवीकोरी दाढ होती आणि तिच्या मधल्या खाचेत तिळाएवढा काळा ठिपका. आई लगेच म्हणाली, “दुधाचाच दात हाय, पडून जाईन.”

ती दाढ पडून जाणारी नव्हती. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे ही कायमची दाढ उगवते. तिच्या जागेवरचा कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला ती आल्याचं कळतही नाही. खाली दोन, वर दोन अशा या चार दाढांवर माणूस म्हातारपणापर्यंत भाकरी चावतो. आणि दुधाच्या दाढा तरी कुठे लगेच पडतात? त्या दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात आणि मागून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात.

माझी आजी राखुंडीनं दात घासायची, कधी कडुनिंबाच्या काडीनं. राखुंडीच्या खरखरीनं दात झिजतात, तरी तिचे बरेच दात शेवटपर्यंत टिकले. तिच्या ताटात गोड यायचं ते सणावाराला. आज घाटावर काय नि घाटाखाली काय, शाळेच्या वाटेवर पाच रुपयांचा पुडा मिळतो आणि घरी चहाबरोबर बिस्किटं ठरलेलीच. साखर तोंडात गेली की दातांवरचे जंतू आम्ल तयार करतात. पुढचा अर्धा तास ते दाताचं कठीण कवच विरघळवत असतं. लाळ ही झीज हळूहळू भरून काढते, पण दिवसभर थोडं थोडं गोड खात राहिलं तर तिला उसंत मिळत नाही. म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं.

झोपेत तर लाळ फारच कमी होते. आपण सकाळी नेमानं दात घासतो आणि रात्री नुसती चूळ भरून झोपतो. सवय बदलायची ती इथे. झोपण्यापूर्वी फ्लोराईडच्या पेस्टनं दोन मिनिटं ब्रश करावा आणि नंतर पाण्याखेरीज काही तोंडात घालू नये. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी आपल्या हातानं फिरवावा, कारण मुलाचा हात त्या मागच्या दाढेपर्यंत पोचत नाही.

मूल आपलं बघूनच शिकतं. ज्या घरात सकाळी हिरड्यांना मशेरी लागते, दुपारी पुडी फुटते, तिथे मुलाला काय सांगणार? तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर केंद्र सरकारनं 1992 सालीच बंदी घातली, राज्यात गुटख्यावर 2012 साली आली. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जाहीर केलं आहे. खाणाऱ्यानं आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघावीत. जात नसतील तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते मुलांचे दातही तपासतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथकानं चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

भाच्याची दाढ वेळेत भरून घेतली. किडीनं अजून नस गाठली नव्हती. आता रात्री बहीण ब्रश फिरवते आणि तो बोटानं दाढा मोजतो. परवा त्याचा फोन आला, “मामा, वरची पण आली! मलेच पयले दिसली.”