नावांचा सौदा

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. दहावीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. आमच्या सदलग्यातील एक माउली मोबाईल हातात घेऊन शाळेच्या कार्यालयात आली.

"सर, तीन दिस झालं, क्लासवाल्यांचं फोन येत्यात. लेकीचं नाव ठावं, मी रोजगाराला जाते तेबी ठावं. शाळेतल्या त्या परीक्षेचं बोलत्यात. माझा नंबर त्यास्नी कुणी दिला?"

मी क्षणभर निरुत्तर झालो. नंबर मीच दिला होता.

दिवाळीपूर्वी एक गृहस्थ शाळेत आले होते. विनामूल्य सराव परीक्षा, वर प्रमाणपत्र. शाळेला खर्च काहीच नाही. त्यांच्या छापील अर्जात पालकांचे नाव, व्यवसाय आणि दूरध्वनी असे रकाने होते. मी आनंदाने संमतीची सही केली. परीक्षा हे केवळ निमित्त होते. खरा माल त्या रकान्यांत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले नाही.

आपल्या निपाणीच्या बाजारात तंबाखूचा सौदा होतो, तेव्हा शेतकरी निदान समोर उभा असतो. भाव पडला तरी तो डोळ्यांदेखत पडतो. नावांच्या सौद्यात मालाचा धनी घरी असतो आणि एकच यादी कितीदा विकली गेली हे त्याला कळतही नाही. आज ती क्लासवाल्याकडे, उद्या कर्ज देणाऱ्याकडे, परवा एखाद्या भामट्याकडे. मुलाचे नाव घेऊन बोलणाऱ्या माणसावर आईबाप चटकन विश्वास ठेवतात आणि ओटीपी सांगून बसतात.

या प्रश्नावर न्यायालयाचे दार ठोठावणारे एक गृहस्थ आपल्याच कर्नाटकातले होते. येथील उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध याचिका केली. तिच्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य बंधने मात्र त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. कागदावर घेतलेली माहिती संगणकात भरली की तीही या कायद्याच्या कक्षेत येते. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी लागते. हेडमास्तरची सही तिथे पुरेशी नाही. आणि संमतीपूर्वीची सूचना आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मागता येते. तेव्हा आपण बेळगावात असू, इंदुरात असू वा बडोद्यात, ती मराठीत मागण्यास संकोचू नये.

त्या माउलीला मी खरे ते सांगितले आणि क्षमा मागितली. तिने विचारले, "आता ते परत मागून घेता येतंय काय?" यादी कोणाकोणाच्या हाती गेली हेच ठाऊक नसता मी काय सांगणार? ती म्हणाली, "मग पुढच्या पोरांचं तरी बघा."

जूनमध्ये असाच एक अर्ज घेऊन दुसरे गृहस्थ आले. मी तीन प्रश्न विचारले: ही माहिती कशासाठी? कोणाला देणार? नष्ट केव्हा करणार? वरिष्ठांना विचारून येतो, असे सांगून ते गेले. अद्याप परतलेले नाहीत. वाचकांनीही आपल्या उंबरठ्यावर येणाऱ्या प्रत्येक अर्जाला हेच तीन प्रश्न विचारावेत, एवढीच विनंती.