आधी तपासणी, मग दुरुस्ती
मोटारीच्या थंड-गरम सीटचे काम आणि आपले कारागीर

मोटारीच्या सीटला कव्हर शिवणे हे पूर्वी कापड, फोम आणि सुईदोऱ्याचे काम होते. रेक्झिन चांगले असावे, शिलाई सरळ असावी, कोपरे ताणून बसावेत, एवढ्यावर कारागिराची परीक्षा होत असे. आता त्याच सीटच्या पोटात पंखा, तारा आणि प्लग असतात, काही गाड्यांत एअरबॅगही असते. कापड विकणारे आम्ही, कव्हर शिवणारे कुशनवाले आणि तारा जोडणारे वायरमन, अशा तिघांचा धंदा एकाच सीटशी येऊन ठेपला आहे. या बदलाकडे आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आमचे मत आहे.

परदेशात ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत कॅडिलॅकने १९६६ च्या मॉडेलमध्ये गरम होणारी सीट दिली. स्वीडनच्या साब कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या ९-५ या मोटारीत हवा खेळवणारी सीट मिळू लागली. आपल्याकडे मध्यमवर्गीयाच्या गाडीत ही सोय अलीकडे आली. ह्युंदाईची वेर्ना २०१७ मध्ये, कियाची सेल्टोस २०१९ मध्ये आणि मारुतीची एक्सएल६ २०२२ मध्ये पंख्याच्या सीटसह बाजारात आली. रत्नागिरीच्या दमट हवेत ग्राहकाला ती हवीशी वाटते यात नवल नाही. गरम सीट आपल्याकडे बहुधा महागड्या गाड्यांत दिसते. परंतु थंड मुलुखात राहणाऱ्या नातेवाइकांकडून गरम होणारी गादी भेट म्हणून येते आणि तीही दुरुस्तीसाठी आपल्याच दुकानात पोहोचते.

सीट थंड कशी होते?

बहुतेकांचा समज असा की या सीटमध्ये एसीसारखे यंत्र बसवलेले असते. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत तसे काही नसते. सीटखाली आणि पाठीत लहान पंखे असतात. वरच्या लेदरेटला बारीक छिद्रे असतात, त्याखाली जाळीदार कापड आणि फोममध्ये हवेचे मार्ग असतात. काही गाड्यांत पंखा हवा वर फेकतो, काहींत खाली ओढतो. घाम वाळतो आणि बसणाऱ्याला गारवा वाटतो. पंखा गाडीतलीच हवा फिरवतो. त्यामुळे उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू करताच सीटमधून गरम वारा आला, तर त्याला बिघाड म्हणता येत नाही. आधी एसीने गाडी थंड होऊ द्यावी.

परदेशी काही महागड्या मोटारींत खरोखर थंडावा निर्माण करणारा विद्युत भाग असतो. पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये दाखवून दिलेल्या तत्त्वावर तो चालतो. वीज सोडली की त्याची एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते. प्रवाह उलटा केला की बाजू बदलतात, म्हणून तोच भाग सीट गरमही करू शकतो. पंखा तुंबला की गरम बाजूची उष्णता बाहेर पडत नाही आणि थंडावा संपतो. म्हणजे येथेही पहिली चौकशी हवेच्या वाटेचीच करावी.

तपासणीचा क्रम

ग्राहक म्हणतो, “सीट चालत नाही.” त्याला चार गोष्टी विचाराव्यात. एक सीट बंद आहे की दोन्ही? सर्व वेगांवर बंद आहे की एकाच? कधीपासून बंद आहे? त्याआधी नवे कव्हर घातले, सीट साबणाने धुतली, की पावसाचे पाणी आत आले? यांच्या उत्तरात अर्धे निदान होते.

नंतर इंजिन चालू ठेवून दोन्ही सीट पूर्ण वेगावर लावाव्यात. बॅटरी कमजोर असेल तर पुष्कळ गाड्या अशा सोयी आपण होऊन बंद करतात, हे ध्यानात ठेवावे. सीटवर पातळ कागद धरावा. हवा फेकणाऱ्या सीटवर तो फडफडेल, ओढणाऱ्या सीटला चिकटेल. चालणाऱ्या सीटची बंद सीटशी तुलना करावी. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

पंख्याचा आवाज येतो पण हवा येत नाही, तर वाट बंद आहे. येथे आमचा कापडाचा धंदा थेट जबाबदार ठरतो. जाड रेक्झिनचे किंवा मागे फोम चिकटवलेले कव्हर या सीटवर चढवले की छिद्रे बुजतात. ग्राहक पंख्याला दोष देतो आणि कारागीर पंखा बदलतो. वास्तविक दोष कापडाचा असतो. कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. श्वास आरपार गेला नाही, तर ते कापड या सीटसाठी नाही, हे ग्राहकाला विकण्याआधीच सांगावे. कव्हर ठीक असेल तर जाळीत साचलेली जांभ्याची तांबडी धूळ, निसटलेली नळी किंवा पंख्यात अडकलेला कागद शोधावा.

आवाजच येत नाही आणि दोन्ही सीट बंद आहेत, तर प्रथम फ्यूज पाहावा. एकच बंद असेल तर त्या सीटखालचा प्लग उघडावा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि हवा खारी असते. ओले पाय, ओल्या चटया आणि बंद काचा यांमुळे प्लगच्या पिना हिरव्या पडतात. त्या साफ करून प्लग घट्ट बसवला की पुष्कळदा काम भागते. तरीही पंखा फिरला नाही तर मल्टिमीटरने वीज पाहावी. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळावेत. वीज पोहोचत नसेल तर दोष मागे तारेत किंवा कंट्रोल युनिटमध्ये आहे. पोहोचत असेल तरी लगेच पंखा बाद ठरवू नये, कारण अनेक पंखे वेगळ्या सिग्नलच्या तारेवर चालतात. दुसऱ्या सीटचा पंखा त्याच जातीचा असेल तर अदलाबदल करून पाहावी. बिघाड पंख्याबरोबर सरकला तर पंखा खराब. जागचा हलला नाही तर पंखा निर्दोष.

गरम सीटमध्ये तारेची किंवा कार्बनची गादी असते. बारा व्होल्टवर साठ वॅटची गादी पाच अँपिअर घेते, म्हणजे तिचा रोध २.४ ओहम असतो. मीटर काहीच जोड दाखवत नसेल तर आत तार तुटली आहे. सीटवर गुडघा टेकून मागचे सामान उचलण्याने ती बहुधा तुटते. मात्र तपमान सांगणारा सेन्सर बिघडला तरी सीट गरम होत नाही, म्हणून तोही पाहावा. एकाच जागी चटका बसत असेल तर सीट तत्काळ बंद करावी. तुटलेली गादी पिळून, टेप गुंडाळून चालू करू नये. फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी होय. मधुमेहाने ज्यांच्या अंगाची जाणीव कमी झाली आहे, त्यांना चटका कळत नाही. परदेशात अशा रुग्णांना सीटवर भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

पिवळ्या प्लगला हात नको

अनेक गाड्यांत सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅग असते आणि तिचा प्लग बहुधा पिवळा असतो. त्याला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. सीट काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडून गाडीच्या पुस्तिकेत सांगितला आहे तेवढा वेळ थांबावे. पिवळा प्लग निघालेला असताना चावी फिरवली तर डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. कव्हर शिवताना ती कडा मोकळी ठेवावी किंवा फाटण्यासाठी बनवलेल्या खास शिलाईचेच कव्हर वापरावे. बाकी चुकांत ग्राहकाचे पैसे जातात, येथे जीव जाऊ शकतो.

तपासणीचा मेहनताना

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कारागीर तपासणी टाळून भाग का बदलतो? कारण आपल्या बाजारात तपासणी फुकट समजली जाते. तासभर सीटखाली वाकून पिना घासणाऱ्याला ग्राहक दहा-वीस रुपये देताना कुरकुरतो आणि नवा पंखा बसवला की हजारो रुपये मोजतो. मग कारागिरालाही पंखा बदलणेच परवडते. हा रिवाज दोघांनाही बिघडवतो. डॉक्टरने औषध दिले नाही तरी त्याची फी आपण देतोच ना?

म्हणून आमचे म्हणणे असे की तपासणीचा दर दुकानात उघडपणे लिहून लावावा. दोष काय निघाला हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. गाडी वॉरंटीत असेल तर सीट न उघडता तिला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवावे, मग आपले काम गेले तरी चालेल.

सीटच्या आत काय आहे हे ग्राहकाला दिसत नाही, आणि कारागिराच्या ईमानाची कसोटी नेमकी तेथेच लागते. बाजारातील धान्याच्या राशीत प्रेषित (स.) यांनी हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले भिजलेले निघाले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. भिजलेला माल वर ठेवून विकावा ही तिची शिकवण कुशनवाल्यालाही लागू आहे आणि आम्हा कापडवाल्यांनाही. चालू पंखा खराब सांगून बदलणे आणि हवा न जाणारे कापड हवेशीर म्हणून विकणे, यांत काही फरक नाही.

मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. उर्दू माध्यमात शिकलेल्या शागीर्दालाही तारांचा नकाशा वाचता येतो, कारण त्यातील चिन्हे कोणत्याच भाषेची नाहीत. ज्याला मूळ धडे हवेत त्याच्यासाठी आयटीआय आहे. कुशनवाला आणि वायरमन यांनी एकत्र बसून एक जुनी सीट उघडावी, तिचा प्रत्येक थर पाहावा. आम्ही कापडवाल्यांनी गिऱ्हाइकाला रंग विचारण्याआधी “सीटला पंखा आहे का, बाजूला एअरबॅग आहे का?” हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. कोल्हापूर-मुंबईकडे जाणारे हे काम रत्नागिरीत थांबवायचे असेल, तर एवढी मेहनत आपल्याला घ्यावीच लागेल.