रॅप, यमक आणि आमची तांबडी शाई

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या मुंबईहून जव्हारास आला आणि आल्या दिवसापासून ओसरीवर बसून एकच गाणें पुनःपुन्हा लावूं लागला. गाणें तरी कसलें! ना आलाप, ना तान. कोणी भांडणाच्या आवेशांत भराभर बोलत आहे असें वाटावें. ‘‘हें काय रे?’’ असें आम्हीं विचारतांच तो म्हणाला, ‘‘काका, ह्याला रॅप म्हणतात. आधीं शब्द ऐका, मग रागवा.’’

शब्द ऐकले आणि आम्ही चपापलों. गाण्याचें नांव ‘द वारली रिव्होल्ट’. मुंबईच्या ‘स्वदेशी’ नांवाच्या तरुण मंडळीनें आरेंतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांस बरोबर घेऊन तें २०१९ सालीं केलें. विषय जंगलाचा आणि जमिनीचा. त्याच सालच्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेंतील दोन हजारांवर झाडें पडलीं, हें वाचकांस स्मरत असेलच. नांव मात्र आमच्याच मुलखांतून उचललेलें: तलासरी-डहाणूकडील वारल्यांनीं वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध १९४५ सालीं गोदावरी परुळेकरांच्या साथीनें जो उठाव केला, तो.

हा प्रकार १९७० नंतर न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागांतील गरीब काळ्या तरुणांत जन्मला, आणि २०१८ सालीं केंड्रिक लमार या रॅपरास संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. साहेबाचा शिक्का पडल्याशिवाय आपणांस कांहीं पटत नाहीं, म्हणून एवढें सांगितलें.

आम्हीं पुतण्याकडून चरण सावकाश म्हणवून घेतले. अनुप्रास होता, यमक केवळ अंतीं नव्हे, चरणाच्या पोटांतही होतें, मात्रा कमीजास्त झाल्या तरी ताल सुटत नव्हता. मम्मटाच्या मतें अलंकार क्वचित् नसले तरी चालतात, शब्द आणि अर्थ गुणयुक्त व निर्दोष हवेत. येथें ओजोगुण भरपूर. प्रसाद मात्र त्या घाईंत सांडतो. इतर पुष्कळ रॅपांत आत्मस्तुतीचा सुकाळ असतो म्हणे. पण जगन्नाथ पंडितांनीं तरी ती कोठें कमी केली?

आमचें मन मात्र त्या रात्रीं एका जुन्या वहीपाशीं अडलें. मोखाड्याकडील एका वारली विद्यार्थ्यानें ‘आमच्या घरचें लग्न’ या निबंधांत धवलेरीचें गाणें स्वतःच्या बोलींत लिहून आणलें होतें. सुवासिनी तांदळाच्या पिठानें चौक लिहितात तेव्हां धवलेरी गाते. तिच्यावांचून लग्न लागत नाहीं. म्हणजे आपल्याकडे जें स्थान उपाध्यायांचें, तेंच तेथें या बाईचें, आणि सारें मुखोद्गत. आम्हीं त्या ओळींखालीं तांबडी रेघ ओढून ‘अशुद्ध’ असा शेरा मारला. अक्षर वळणदार म्हणून दोन गुण दिले! त्या मुलानें पुन्हा बोलींत एक शब्द लिहिला नाहीं, आणि आम्हीं त्यास आपली सुधारणा समजलों.

पुतण्यास हें सांगितलें तेव्हां तो हंसला नाहीं. ‘‘ते शब्द आठवतात कां?’’ एवढेंच त्यानें विचारलें. कालिदासाचे सर्गच्या सर्ग आठवतात. ते शब्द आठवत नाहींत.

येत्या लग्नसराईंत मोखाड्याकडील एका लग्नाचें आमंत्रण आहे. पुतण्या ध्वनिमुद्रणाचें साहित्य आणणार म्हणतो. आम्ही वही नेणार आहों, धवलेरीनें उतरून घेऊं दिलें तर.